गोसीखुर्दच्या पाण्यातली बोट: १२ व्होल्ट वायरिंगच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५

जुनं वायरिंग आज पूर्ण उपसलं. बोट फायबरची, १८ फुटी, पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर चालते. मच्छीमार संस्थेची आहे. रात्री जाळ्यांवर फेरी, दिवसा पलीकडच्या काठाला माणसं आणि खताची पोती. इंजिन १५ एचपीचं आउटबोर्ड, दोरी ओढून सुरू होणारं, त्याला चार्जिंग नाही. सगळी वीज १२ व्होल्टच्या बॅटरीतून आणि १०० वॅटच्या सोलर पॅनेलमधून. तीन वर्षांत वायरिंग दोनदा बदललेलं, दोन्ही वेळा ऑटो इलेक्ट्रिकच्या साध्या वायरने आणि काळ्या टेपने.

उपसण्याआधी एक मोजणी केली. सगळे स्विच बंद, बॅटरीच्या प्लसमध्ये मल्टीमीटर सिरीजला. काहीही चालू नसताना २.६ मिलिअँपिअर जात होते. सोलर कंट्रोलरचा फ्यूज काढूनही आकडा तोच. म्हणजे करंट जात होता तो थेट तळातल्या पाण्यातून.

उघडल्यावर काय दिसलं:

तळपाणी उपसणाऱ्या पंपाचा जॉइंट पिळून टेप मारलेला. प्लसची तार हिरवट-निळ्या पिठात संपलेली, दोनच पदर शिल्लक. त्याच्या शेजारी, त्याच पाण्यात, त्याच टेपखाली असलेली मायनसची तार मात्र चकचकीत. हा फरक महत्त्वाचा, उद्याची नोंद त्यावरच.

नाकाडाच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) दिव्याची तार वेगळ्या तऱ्हेने गेलेली. प्लस-मायनस दोन्ही सारख्या काळ्या, आणि काळेपणा पीव्हीसीच्या आत तब्बल ४० सेंमी शिरलेला. टोकाशी उघडी राहिलेली बारीक पदरांची तार वातीसारखी पाणी ओढते. वरून वायर नवी दिसते आणि आत सगळं जळल्यासारखं.

फ्यूज बॉक्समधल्या पितळी पट्ट्यांना आडवे तडे. एक तर हात लावताच तुटली.

१९ जानेवारी

नाव चालवणाऱ्याचा प्रश्न रास्त होता: "भाऊ, हे का समुद्र हाय? गोड्या पान्यात कायचा गंज लागते?"

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, इथे त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. त्यामुळे दोन धातू एकमेकांना लागून जी झीज होते ती इथे खरंच सावकाश होते. पण पंपाची तार त्या झिजेने गेलेली नाही. ती आपल्याच बॅटरीने खाल्ली. ओल्या जॉइंटवर १२ व्होल्ट रात्रंदिवस असले की प्लसकडचं तांबं विरघळून पाण्यात उतरतं. मायनसकडे नुसते हायड्रोजनचे बुडबुडे. मुलामा चढवणारा कारागीर हीच क्रिया मुद्दाम करतो.

हिशेब असा: १ अँपिअर वर्षभर वाहिला तर सुमारे १०.४ किलो तांबं जातं. १ मिलिअँपिअर असेल तर महिन्याला ०.८५ ग्रॅम. ऐकायला क्षुल्लक. पण १.५ स्क्वेअरच्या (म्हणजे १.५ चौरस मिमी जाडीच्या) तारेच्या एका मीटरमध्ये तांबं असतं फक्त १३.४ ग्रॅम. म्हणजे महिन्याला सहा सेंटिमीटर तार गायब. काल मोजलेले २.६ मिलिअँपिअर दोन-तीन जागी वाटले गेले असतील, तरी एका मोसमात जॉइंट तुटणारच.

ओळखायची खूण म्हणून लिहून ठेवतो. प्लस खाल्लेली आणि मायनस स्वच्छ असेल तर करंटची गळती. दोन्ही सारख्या काळ्या असतील तर हवा आणि ओल. इथे त्या काळेपणाला आणखी एक कारण आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि पुढे याच जलाशयात येतं. कुजट वासाच्या पाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्यावर काळा थर चढवतो, चांदीच्या पैंजणावर चढतो तसाच. जलपर्णी कुजते तिथेही तोच वास.

पितळेच्या तड्यांचं मूळ पोत्यांत. सांडलेला युरिया ओला झाला की त्यातून अमोनिया सुटतो, आणि ताणाखालचं पितळ अमोनियात तडकतं. ही फार जुनी ओळखीची गोष्ट आहे: ब्रिटिश फौजेची भारतात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली पितळी काडतुसं अशीच तडकायची. कारण अमोनिया आहे, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये दाखवलं. आपली पाग म्हणजे खताची पोती. म्हणून फ्यूज-स्विचच्या पॅनेलमध्ये दाबून बसवलेलं उघडं पितळ नको, कल्हई केलेलं तांबं हवं.

तेव्हा आराखड्याचं सूत्र ठरलं. पाण्याजवळ जॉइंट नको. जिथे टळत नाही तिथे त्यावर सतत व्होल्टेज नको. आणि जिथे तेही टळत नाही, म्हणजे फक्त पंपाच्या फ्लोट स्विचला (पाणी चढलं की तरंगून पंप आपोआप सुरू करणारा स्विच), तिथे जॉइंट असा हवा की बुडाला तरी गळू नये.

२६ जानेवारी

लोड आणि लांबी. लांबी फ्यूज-स्विचच्या पॅनेलपासून उपकरणापर्यंत, एकेरी:

पंप: ४ अँपिअर, ४ मीटर.
सर्चलाइट ३६ वॅट: ३ अँपिअर, ५ मीटर.
नाकाडाचा लाल-हिरवा दिवा: पाव अँपिअर, ६ मीटर.
मागचा पांढरा दिवा: पाव अँपिअर, ३ मीटर.
डेकचे दोन एलईडी: मिळून १ अँपिअरच्या आत, ४ मीटर.
फिश फाइंडर: अर्धा अँपिअर, ३ मीटर.
मोबाइल चार्जिंग: २.५ अँपिअर, ३ मीटर.

अमेरिकन बोट अँड यॉट काउन्सिलच्या ई-११ मानकात महत्त्वाच्या सर्किटला ३ टक्के आणि बाकीच्यांना १० टक्के व्होल्टेज ड्रॉप (तारेतच वाया जाणारा व्होल्टेज) चालतो. आम्ही सगळ्यांनाच ३ टक्के धरला; लांबी इतकी कमी आहे की त्यात कंजुषीचा फायदा नाही.

कल्हईच्या लवचीक ४ स्क्वेअर तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला ५.०९ ओहम, ६ स्क्वेअरचा ३.३९. जाणं-येणं धरून पंपाचा ड्रॉप: २ × ४ मीटर × ४ अँपिअर × ०.००५०९ = ०.१६ व्होल्ट, १.४ टक्के. सर्चलाइट ०.१५ व्होल्ट. हेच १.५ स्क्वेअरमध्ये केलं तर पंपाला ०.४४ व्होल्ट जातात, साडेतीन टक्क्यांच्या वर. बॅटरी ते पॅनेल दीड मीटर, एकदम १५ अँपिअर धरले तर ६ स्क्वेअरमध्ये ०.१५ व्होल्ट. हे आकडे २० अंशांचे. वैशाखात पत्र्याखाली तार ५० अंशांना पोचते, तेव्हा तांब्याचा रेझिस्टन्स साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. तो धरला तरी बॅटरी ते पॅनेल आणि पुढचा असे दोन्ही ड्रॉप मिळून पंप काठावर, तीन टक्क्यांच्या आसपास बसतो. चालेल.

रात्रीचा खर्च जास्तीत जास्त २०० वॅट-तास, म्हणजे १६-१७ अँपिअर-तास. बॅटरी ६५ अँपिअर-तासाची सीलबंद एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली शिशाची बॅटरी). लिथियम आयर्न फॉस्फेटचा विचार झाला, सोडला: बऱ्याच स्वस्त पॅकची बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) ४५ अंशांच्या वर चार्जिंग बंद करते, आणि इथे मे महिन्यात डब्यातला आकडा दुपारी त्याच्या वरच असतो. नेमकं ऊन असताना चार्जिंग नाही, असा उलटा कारभार होईल.

२ फेब्रुवारी

खरेदी. 'मरीन केबल' मागितली की दुकानदार मुंबईचा रस्ता दाखवतो. गरजही नाही. सौर कृषिपंपांमुळे आता तालुक्याच्या प्रत्येक दुकानात सोलरची डीसी केबल मिळते, आणि ती आपल्याला हवी तीच वस्तू आहे: ईएन ५०६१८ या युरोपीय मानकाची एच१झेड२झेड२-के. तांबं कल्हई केलेलं, पदर बारीक, दुहेरी क्रॉसलिंक आवरण, ऊन सोसणारी. तारेच्या प्रत्येक पदरावर कल्हई असल्यामुळे वातीसारखं पाणी आत शिरलं तरी काळं पडणं फार मंद. भांड्याला कल्हई का करतात हे माहीत असलेल्या माणसाला अधिक समजावावं लागत नाही.

पण छापलेल्या नावावर जायचं नाही. दुकानातच एक इंच सोलून ब्लेडने एक पदर खरवडायचा. वर पांढरं आणि आत लाल असेल तर ठीक. आतही पांढरंच निघालं तर ते ॲल्युमिनिअम. दोन दुकानांत तीन बंडलं पाहिली. एक ॲल्युमिनिअमचं निघालं, वर छपाई मात्र तांब्याचीच. वजनही सांगतं: ४ स्क्वेअर तांब्याचं नुसतं धातूचंच वजन मीटरला ३५ ग्रॅमच्या वर असतं.

घेतलं: ४ स्क्वेअर लाल ३५ मीटर, काळी ३५ मीटर, ६ स्क्वेअर प्रत्येकी ४ मीटर. ४ स्क्वेअर छोट्या दिव्यांना गरजेपेक्षा जाड आहे हे कबूल. पण २.५ स्क्वेअर इथे कुणी ठेवत नाही, आणि एकच माप असलं की लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी), ग्लँड (तार डब्यात शिरते तिथली पाणीबंद रबरी पकड), क्रिंपचा (लग तारेवर दाबायच्या हत्याराचा) जबडा सगळं एकच लागतं.

लग घेताना खिशात लोहचुंबक ठेवायचा. ऑटोच्या दुकानातले पिवळे प्लॅस्टिकवाले लग बऱ्याचदा लोखंडाचे असतात, वरून चमक. चुंबकाला चिकटला की परत. कल्हईचे तांब्याचे, शिवण जोडलेली असलेले रिंग लग ६० नग घेतले. हीट श्रिंक (गरम केली की आकसणारी नळी) आत गोंद असलेलीच, ३ ला १ आकसणारी. आत गोंद नसलेली नळी फक्त दिसायला बरी.

९ फेब्रुवारी

बादली चाचणी लावली. २० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ, म्हणजे जलाशयापेक्षा कितीतरी खारट, घाई व्हावी म्हणून. मध्ये तांब्याची उघडी सळई, तिला मायनस. प्रत्येक प्रकारचे दोन-दोन जॉइंट पाण्यात, त्यांना १२ व्होल्ट प्लस, प्रत्येकाचा गळका करंट वेगळा मोजायचा. बादली उघड्यावर, छपराखाली नाही; मायनसवरून हायड्रोजन सुटतो.

१६ फेब्रुवारी

सात दिवसांनी:

पिळून काळा टेप: पहिल्या तासात ८ मिलिअँपिअर, दुसऱ्या दिवशी ३० च्या वर, तिसऱ्या दिवशी दोन्ही तुटले. हिशेबाशी जुळतं.

डाग देऊन बिनगोंदाची श्रिंक: ०.४ मिलिअँपिअरपासून सुरुवात, सातव्या दिवशी ३. शिवाय डाग जिथे संपतो तिथे तार काडीसारखी ताठ होते आणि बोटीच्या थरथरीने तिथूनच मोडते. नुसता डाग बोटीत भरवशाचा नाही.

क्रिंप आणि त्यावर बांधकामाच्या दुकानातलं सिलिकॉन: गळती फार नाही, २० मायक्रोअँपिअर. पण कापून पाहिलं तर तांबं सगळं हिरवं. घट्ट होताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि ते आतल्या आत तांबं खातं. वास नसलेलं, न्यूट्रल लिहिलेलं घ्यावं. हा घोटाळा आपल्याकडे सर्रास होतो, मिस्त्री जितकं जास्त सिलिकॉन भरतो तितकं चांगलं काम समजलं जातं.

सबमर्सिबलचा जॉइंट: क्रिंप, त्यावर ताणून गुंडाळलेला स्वतःलाच चिकटणारा रबर टेप, वरून पीव्हीसी टेप. ०.२ मायक्रोअँपिअर. विहिरीत मोटर सोडणारा फिटर हेच वर्षानुवर्षं करतोय.

क्रिंप आणि गोंदवाली श्रिंक: एक जॉइंट मीटरच्या तळाशी, ०.१ मायक्रोअँपिअर. दुसरा मात्र ६० वर चढला. कापून पाहिला, नळी एका बाजूने तारेच्या आवरणावर फक्त ६ मिमी चढलेली, गोंद तिथून सरकलेला. यापुढे दोन्ही बाजूंना किमान १५ मिमी. सोलर केबलचं आवरण गुळगुळीत असतं, म्हणून आधी बारीक पॉलिश पेपर आणि स्पिरिट. नळीच्या दोन्ही तोंडांतून गोंदाचा बारीक कडा बाहेर आलेला दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर जॉइंट कापून नवा.

२३ फेब्रुवारी

क्रिंपिंग. पक्कडीने दाबलेला लग दाबलेला दिसतो, पण पदरांमध्ये हवा राहते. रॅचेटचं हत्यार पूर्ण दाब झाल्याशिवाय सुटत नाही, तेच वापरायचं. सोलणं लगच्या नळीएवढं अधिक १ मिमी. एक जरी पदर कापला गेला तरी टोक छाटून पुन्हा.

ताण चाचणी पाण्याच्या कॅनने. ई-११ मध्ये १२ गेजला (अमेरिकन तारमाप, आकडा लहान तितकी तार जाड) ३५ पौंड आणि १० गेजला ४० पौंड एक मिनिट टिकायला हवेत. आमची ४ स्क्वेअर त्या दोन्हींच्या मधली, म्हणून वरचा आकडा घेतला: १८ किलो. कॅनमध्ये १७ लिटर पाणी, कॅनचं वजन वेगळं. लग खिळ्याला, तारेला कॅन, एक मिनिट. पहिल्या दहांपैकी दोन निसटले. हत्यारात ६ चा जबडा लावला गेला होता. जबडा बदलल्यावर पुढच्या दहांत एकही नाही. नंतर दर पंधराव्या लगला एक चाचणी.

अडलेली जागा: एलईडी दिव्यांना कंपनीने दिलेली तार अर्ध्या स्क्वेअरची, आपली ४ ची. दोन्ही एका बट कनेक्टरमध्ये (दोन तारांची टोकं समोरासमोर दाबायची नळी) नीट दाबल्याच जात नाहीत. बारीक तार तिहेरी दुमडून घालायचा जुगाड ताणात लगेच सुटला. शेवटी प्रत्येक दिव्याजवळ छोटा डबा, त्यात एम४ चे दोन स्टड, दोन्ही तारांना आपापल्या मापाचे लग आणि स्टडवर एकावर एक. जागा जास्त लागते, पण खोलता येतं.

२ मार्च

पॅनेल. सहा वाटांचा ब्लेड फ्यूज ब्लॉक, शेजारी मायनसची कल्हईची बसबार (सगळ्या मायनस तारा एकत्र येतात ती पट्टी), रबरी टोपीचे टॉगल स्विच. फ्यूज: पंप ५, सर्चलाइट ५, मागचा-पुढचा दिवा मिळून ३, डेक ३, फिश फाइंडर २, चार्जिंग ५. मुख्य फ्यूज ३० अँपिअरचा, बॅटरीच्या टर्मिनलपासून १५ सेंमीवर. ई-११ ची मर्यादा ७ इंच. फ्यूजच्या अलीकडची तार ही बोटीतली एकमेव अशी तार, जी शॉर्ट झाली तर बॅटरी संपेपर्यंत जळत राहते. म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी.

पंपाचा फ्यूज तारेकडे पाहून ठरवायचा नाही. ४ स्क्वेअर तार याहून किती तरी जास्त सोसेल, पण पात्यात जलपर्णीचं मूळ अडकून मोटर जाम झाली तर १५ चा फ्यूज तसाच राहतो आणि मोटर वितळते. पंपावर लिहिलेला आकडाच लावायचा.

स्टेनलेसचा बोल्ट करंट वाहण्यासाठी नाही, फक्त दाबण्यासाठी. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या चाळीसपट. क्रम: बसबार, तिला थेट चिकटून लग, मग वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. लग आणि बसबारच्या मध्ये वॉशर आला की तिथेच गरम होतं. एका स्टडवर चारांपेक्षा जास्त लग नाहीत. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. आधी जेली आणि मग आवळणं नको.

९ मार्च

केबल ओढल्या. सगळ्या कडेच्या वरच्या ओठाखालून, तळापासून किमान ३० सेंमी उंच, १६ मिमी नळीत. दर ४५ सेंमीला पकड. डब्यात शिरण्याआधी प्रत्येक तारेला खाली वळसा, म्हणजे ओघळलेलं पाणी वळशाच्या तळाशी ठिबकेल, ग्लँडकडे जाणार नाही. ग्लँड सगळे डब्याच्या खालच्या बाजूला. एका ग्लँडमधून दोन गोल तारा घालू नयेत. मधली फट कुठलाही रबर भरत नाही.

केबल टाय काळे, उन्हाचे. पांढरे एका उन्हाळ्यात टिचक्या मारत तुटतात.

१६ मार्च

पंप. बाकी सगळ्या कामाला जितका वेळ गेला त्याच्या निम्मा या एका जागेला.

पंपाच्या आणि फ्लोट स्विचच्या तारा कंपनीकडून जेमतेम मीटरभर येतात आणि आत साधं, बिनकल्हईचं तांबं असतं. जॉइंट तळात टाळता यावा म्हणून त्या तारा पूर्ण लांबीने सरळ वर नेल्या आणि जॉइंट तळापासून ७० सेंमीवर, बाकाच्या आतल्या बाजूला केला. लोक उलट करतात: उरलेली तार गुंडाळून तळात टाकतात आणि जॉइंट पाण्यात.

फ्लोट स्विच प्लसमध्ये, पंपाच्या आधी. त्यामुळे पंप बंद असताना मोटरकडची तार मेलेली. बॅटरीपासून फ्लोटपर्यंतचा तुकडा मात्र कायम जिवंत. पाण्याजवळ एवढा एकच. त्याच्या जॉइंटला दुहेरी कवच: क्रिंप, गोंदवाली श्रिंक दोन्ही बाजूंना २० मिमी, त्यावर रबर टेप अर्धा अर्धा चढवत दोन थर. फ्लोट मायनसमध्ये घातला असता तर चालला असताच, पण मग मोटरची अख्खी वाइंडिंग आणि तिची तार रात्रंदिवस १२ व्होल्टवर पाण्यात बसली असती. जुन्या वायरिंगमध्ये नेमकं तेच होतं.

बॅटरी जोडण्याआधी, सगळी उपकरणं सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) प्लस-मायनस तपासले. तळात १० सेंमी पाणी ओतून. सगळी सर्किटं १०० मेगाओहमच्या वर. उपकरणं जोडलेली असताना मेगर मारायचा नाही, एलईडीचे ड्रायव्हर आणि फिश फाइंडर जातील.

२३ मार्च

आउटबोर्डचा ॲनोड (इंजिनऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला धातूचा तुकडा) पाहिला. जस्ताचा, जवळजवळ नवा, आणि म्हणूनच शंका. गोड्या पाण्यात जस्तावर कठीण साय धरते आणि ते झिजणंच सोडून देतं. मग झिजतो इंजिनचा पाय. मॅग्नेशिअमचा लावला. बसायच्या जागेचा रंग खरवडून उघडा धातू केला, नाहीतर ॲनोड नुसता शोभेचा.

२७ एप्रिल

दुपारी पॅनेलच्या डब्यात ६० अंश. काळा टेप जिथे जिथे तात्पुरता मारला होता तिथे गोंद पातळ होऊन सरकलाय. सगळा काढला.

सोलर कंट्रोलरचा तापमानाचा सेन्सर डब्याच्या भिंतीवरून काढून बॅटरीच्या अंगाला चिकटवला. एजीएमचा चार्जिंग व्होल्टेज दर अंशाला साधारण ०.०२ व्होल्टने उतरायला हवा; २५ अंशांना १४.४ असेल तर ४५ ला १४.० च्या आसपास. तो न उतरल्यास बॅटरी वाफ सोडते, सुकते, आणि तिची ॲसिडची धग आधी टर्मिनल खाते.

१२ मे

अवकाळी पाऊस संध्याकाळी आला आणि आमची चूक उघडी पडली. पॅनेलचा डबा आयपी ६७ (पाण्यात बुडाला तरी चालेल असा दर्जा), सगळे ग्लँड आवळलेले, एकही भोक नाही, म्हणून निश्चिंत होतो. आत पाव कप पाणी.

कारण सोपं. ६० अंशांचा डबा पावसाने २५ वर आला की आतल्या हवेचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. तेवढा दाब म्हणजे मीटरभर पाण्याचा स्तंभ. आयपी ६७ ची चाचणी नेमकी मीटरभर खोलीची, तीही अर्धा तास आणि नव्या रबराची. इथे रोज संध्याकाळी तीच चाचणी, उन्हाने कडक झालेल्या रबरावर. ग्लँडमधून पाणी आत ओढलं गेलं आणि बाहेर जायला वाट नाही.

डब्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ५ मिमीचं भोक पाडलं. दिव्यांच्या छोट्या डब्यांनाही. श्वास घेणारा डबा कोरडा राहतो.

८ जून

बोट पंधरा दिवस काठावर होती. मागच्या दिव्याची अर्ध्या स्क्वेअरची तार उंदराने कुरतडली, बहुधा मासळीचा वास लागलेला. नळीतली ४ स्क्वेअर शाबूत. दिव्यापासून डब्यापर्यंतच्या वीतभर तारेवरही नळी चढवली.

१३ जुलै

पॅनेलमध्ये पुन्हा ओल, या वेळी घामासारखी. भोक बुजलेलं: कुंभारीण माशीने चिखलाचं घर बांधलं होतं, आत तिच्या अळ्यांसाठी कोळी भरून ठेवलेले. तीन डब्यांना तोच प्रकार. भोकाला आतून स्टेनलेसची बारीक जाळी न्यूट्रल सिलिकॉनने चिकटवली. दर महिन्याच्या तपासणीत काडी घालून पाहायचं.

३१ ऑगस्ट

जानेवारीतली मोजणी पुन्हा. स्विच बंद, कंट्रोलरचा फ्यूज काढलेला, तळात पावसाचं १० सेंमी पाणी. फ्लोट हाताने खाली धरून, पंप बंद. ४५ मायक्रोअँपिअर. २.६ मिलिअँपिअरच्या मानाने कमी, तरी हवे त्यापेक्षा जास्त.

एकेक सर्किट सोडवत गेल्यावर दोषी सापडलं मोबाइल चार्जिंगचं सॉकेट. मुख्य स्विच बंद असतानाही फोन चार्ज व्हावा म्हणून ते नाववाल्यांच्या सांगण्यावरून थेट फ्यूजच्या पुढे जोडलं होतं. थोडा करंट त्याच्या आतल्या सर्किटचा स्वतःचा. पण रबरी झाकण उघडंच राहत असल्यामुळे आतल्या बारीक पिना ओल्या, आणि त्यांतली ५ व्होल्टची पिन हिरवी. पंपाच्या तारेचीच गोष्ट लहान प्रमाणात. सॉकेट बदललं, स्विचच्या मागे नेलं, तोंड खाली करून बसवलं.

त्यानंतर ३ मायक्रोअँपिअर. सगळा फ्लोटच्या वाटेचा धरला तरी वर्षाला ०.०३ ग्रॅम तांबं.

नाकाडाच्या दिव्याचा डबा उघडून एक लग कापून पाहिला: पदर आतपर्यंत पांढरे, काळेपणा नाही. पंपाची कंपनीची तार ग्लँडपाशी किंचित काळवंडलेली. ती पुढच्या वर्षी पंपासकट बदलायची. बोटीत सुटे म्हणून ५ आणि ३ अँपिअरचे प्रत्येकी चार फ्यूज, सहा लग, वीतभर श्रिंक आणि रबर टेपचा एक रोल, घट्ट झाकणाच्या बरणीत. पुढची मोजणी धरण पूर्ण भरल्यावर, दिवाळीनंतर.